झाडाखाली बसू नये

आमच्या कॉलेजच्या मुख्य इमारतीसमोर एक जुना वर्षावृक्ष आहे. त्याच्या बुंध्यावर पत्र्याची पाटी ठोकलेली आहे : 'झाडाखाली बसू नये. आदेशावरून.' आदेश कुणाचा, ते पाटीवर नाही. मी नोकरीला लागलो तेव्हाही नव्हतं. मधे चार प्राचार्य आले नि गेले, पाटी तीच. खिळे तेवढे दोनदा बदलले, कारण झाड जाड होत जातं आणि खिळ्यांची डोकी गिळून टाकतं. झाडाला निषेध नोंदवायचा तर एवढाच मार्ग.

पाटीची अंमलबजावणी वॉचमनमामांकडे. मामांच्या गळ्यात शिट्टी असते. एक मुलगा नि एक मुलगी बसलेली दिसली की लांब शिट्टी. दोन मुलगे असले की आखूड. तिघं-चौघं पुस्तक घेऊन बसले असतील तर मामा आधी चालत जवळ जातात, पुस्तक खरंच उघडं आहे का बघतात, आणि मग वाजवतात. पंचाईत होते ती एकटाच कुणी बसला असला की. एकटा माणूस झाडाखाली बसून करतो तरी काय? तिथं मामा शिट्टी वाजवत नाहीत. वाकून विचारतात, "काय रे, बरं नाही का?"

गेल्या महिन्यात परिपत्रक आलं. विषय : विद्यार्थी व कर्मचारी यांच्या मानसिक स्वास्थ्याकरिता निसर्गाधारित उपक्रम राबविणेबाबत. दर बुधवारी दुपारी साडेतीन ते सव्वाचार या वेळेत सर्वांनी मुख्य इमारतीसमोरील वृक्षाखाली बसावे. उपस्थिती अनिवार्य. खाली जावक क्रमांक, सही, शिक्का आणि 'प्रत माहितीस्तव : सुरक्षा विभाग'.

सुरक्षा विभाग म्हणजे मामा. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला गाठलं. "सर, आता बसलेल्याला उठवायचं का उभ्याला बसवायचं?"

मी म्हटलं, "बुधवारी बसवायचं. बाकीचे दिवस उठवायचं."

"आणि अध्यक्षांची गाडी?"

हा प्रश्न खरा होता. कारण पाटी माणसांसाठी आहे, गाडीसाठी नाही. संस्थेच्या अध्यक्षांची पांढरी गाडी वर्षानुवर्षं त्याच झाडाच्या सावलीत उभी राहते. गाडी उन्हात तापली तर एसीला वेळ लागतो. माणूस तापला तर त्याला वेळ द्यावा लागत नाही. त्या सावलीत बसून निसर्गाचा जो काही लाभ घ्यायचा, तो आजवर एका बोनेटनं घेतलेला आहे.

पहिल्या बुधवारी सातव्या निकषाच्या मॅडम सकाळपासून पळत होत्या. (कॉलेजशी ज्यांचा संबंध पदवीनंतर संपला त्यांच्यासाठी : कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे निकष सात. सातवा 'संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम उपक्रम' यांचा. पहिल्या निकषातला अभ्यासक्रम शिकवून झाला का, हे विचारायला कुणाला सवड नसते. सातव्यातला एक फोटो राहिला तर मात्र स्टाफरूमचे दिवे रात्री अकरापर्यंत जळतात. त्यामुळे आमच्यात माणसं आडनावानं नाही, निकषानं ओळखली जातात. 'दुसरा निकष आज रजेवर आहे.' 'पाचव्या निकषाच्या मुलीचं जमलं.')

फ्लेक्स आला. बारा बाय आठ. 'निसर्गसान्निध्यातून मनःस्वास्थ्य'. मागं देवदार की पाइन, कसलं तरी बर्फातलं जंगल, बहुधा कॅनडातलं. तो बांधायला दोरी मिळेना, म्हणून बुंध्यात दोन नवे खिळे मारले. फ्लेक्स चढल्यावर झाड दिसेनासं झालं. सतरंज्या अंथरल्या. त्याखाली पेव्हर ब्लॉक, थेट बुंध्याला भिडवलेले. झाडाभोवती निदान एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली दिल्लीपुरतं बजावलं होतं. दिल्ली आमच्यापासून फार लांब आहे.

प्रमुख पाहुणे आले. पंचेचाळीस मिनिटांतली चाळीस त्यांनी घेतली. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी डोळे मिटून घेतले. फोटोत ते ध्यानस्थ आले आहेत. हे सगळं आपल्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवलं होतं, असंही पाहुणे म्हणाले. पूर्वजांनी सांगितलं होतं ते कार्तिकात आवळीखाली जेवायचं. जेवायचं, आणि गप्पा मारून घरी यायचं. आवळीखाली बसून भाषण ऐकावं असा उल्लेख माझ्या तरी ऐकण्यात नाही.

उरलेली पाच मिनिटं शांततेसाठी राखून ठेवली होती. त्या पाच मिनिटांत हजेरीचा कागद फिरला आणि क्यूआर कोड फिरला. निसर्गाचा सहवास आपणास कसा वाटला? अ) उत्तम. ब) अतिउत्तम. क) उत्कृष्ट. साठ माणसं झाडाखाली, साठ माना मोबाइलमध्ये. वर फांदीत कुठं तरी पावशा 'पेर्ते व्हा' म्हणून ओरडून ओरडून दमला. त्याला क्यूआर कोड नव्हता.

मग जिओटॅग फोटो. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, आणि खाली आमच्या गावाच्या नावाचं चुकलेलं स्पेलिंग. फोटो छान आला. फक्त पाहुण्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, फ्लेक्सच्या कडेनं डोकावणारी पाटी आली : 'झाडाखाली बसू नये.' मॅडमनी ती कापली. कापताना पाहुण्यांचं टक्कलही थोडं गेलं.

परिपत्रकात 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' असं एक वाक्य होतं. कुणाच्या, कुठल्या, केव्हाच्या, याचा पत्ता नव्हता. मला खोड आहे, मी शोधलं.

निघालं ते असं. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकानं 1984 साली 'सायन्स'मध्ये एक छोटा लेख लिहिला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलचे 1972 ते 1981 चे जुने कागद त्यानं काढले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट. काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग वगैरे जुळवून तेवीस जोड्या लावल्या. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. झाडाखाली नेऊन बसवणं दूरच, त्या पेशंटांना आपल्यावर काही प्रयोग चाललाय याचीसुद्धा गंधवार्ता नव्हती.

पुढं मिशिगन विद्यापीठातलं रेचल आणि स्टीफन कॅप्लन हे जोडपं. त्यांचं म्हणणं साधं आहे. माणसाचं एक लक्ष मुद्दाम लावावं लागतं : पेपर तपासताना, रस्ता ओलांडताना, विभागीय बैठकीत जांभई दाबताना. ते वापरून वापरून झिजतं. दुसरं आपोआप लागतं. पान हलतं, मुंगी चालते, ढग सरकतो. यातलं कुणी 'इकडे बघ' म्हणून खेकसत नाही, पण नजर जाते, आणि तेवढ्या वेळात ते पहिलं लक्ष जरा पडून घेतं. बस्स. माझ्या आजीला हे 'डोकं जरा मोकळं होतं' एवढ्यात सांगता आलं असतं, पण तिला सिद्धांत म्हणून मांडायला 1989 साली पुस्तक लिहिता आलं नसतं, हाही फरक मान्य करायला हवा.

त्याच विद्यापीठात 2008 साली मार्क बर्मन आणि मंडळींनी 38 जणांना पन्नासेक मिनिटं चालायला पाठवलं. एकदा झाडांच्या बागेतून, एकदा ॲन आर्बर गावातल्या रहदारीच्या रस्त्यानं. परत आल्यावर त्यांना आकडे उलटे म्हणायला लावले. बागेतून आलेल्यांना जास्त आकडे उलटता आले. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीत बागेतून कुडकुडत आलेल्यांना चालण्यात मजा वाटली नाही, तरी आकडे मात्र तितकेच सुधारले. म्हणजे आवडणं-न आवडणं हा मुद्दाच नाही. 'कसा वाटला सहवास' हे विचारायचं काही कारणच नाही. आणि हो, चालणारे मधेच पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधलं होतं. हे मी सातव्या निकषाच्या मॅडमना सांगायला नको होतं. "बघा," त्या म्हणाल्या, "जिओटॅग तिथंही होता."

मी तो उलट्या आकड्यांचा खेळ आमच्या स्टाफरूममध्ये करून पाहिला, पेपर तपासणीच्या दुसऱ्या आठवड्यात. चार आकड्यांपुढं कुणी गेलं नाही. अर्थशास्त्राचे सर सुलटेसुद्धा चुकले.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात याचा रीतसर कार्यक्रमच आहे. आरोग्य केंद्रात आलेल्या मुलाला गोळ्या लिहून द्याव्यात तसा निसर्ग लिहून देतात. तिथल्या लोकांनी 2020 साली कॉलेजवयीन मुलांवरचे आधीचे अभ्यास एकत्र वाचले. दहा मिनिटं नुसतं बसलं किंवा चाललं तरी फरक दिसतो, असं त्यांना आढळलं. दहा मिनिटं! आमच्याकडं तेवढ्या वेळात पाहुण्यांचा परिचय संपत नाही.

एक सांगून ठेवतो. हे प्रयोग छोटे आहेत. 38 म्हणजे आमच्या बी.ए. भाग एकच्या निम्म्या तुकडीइतकेही नाहीत. झाडाखाली बसून कंटाळा जातो, डोकं हलकं होतं, इथवर ठीक. झाडानं नैराश्य बरं होतं असं कुणी सांगू लागला तर त्याच्या हातातला माइक काढून घ्यावा. पण या सगळ्या अभ्यासांत मला एक गोष्ट सारखी दिसली. माणसाला झाड दाखवलं, आणि मग त्याच्या वाटेला कुणी गेलं नाही. आमच्या उपक्रमात बाकी सगळं होतं.

आमच्या पुण्याचंच बघा ना. मी एम.ए. तिथं केलं. विद्यापीठाची ती मनोऱ्याची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला. सर बार्टल फ्रिअरच्या काळात बांधायला घेतला, आणि खर्चावरून टीकाही झाली. पावसाळ्यात साहेबांना मुंबई मानवत नसे. म्हणजे आपल्याकडचा पहिला निसर्गाधारित कर्मचारी-स्वास्थ्य प्रकल्प गणेशखिंडीत उभा राहिला. लाभार्थी : एक.

नंतर तिथं विद्यापीठ आलं आणि चारशे अकरा एकरांतली सावली आमच्यासारख्यांच्या वाट्याला आली. मी त्या वडांच्या पारंब्यांखाली दोन वर्षं काढली. अभ्यास थोडा, झोप बरीच. एका पेपरात नापास होता होता राहिलो, तेव्हा एक अख्खी दुपार तिथं पालथं पडून काढली. कुणी विचारलं नाही, कुणी हजेरी घेतली नाही. संध्याकाळी उठलो तेव्हा गालावर गवताचे वळ होते आणि भूक लागली होती. संशोधनाच्या भाषेत याला काय म्हणतात मला माहीत नाही. आम्ही कँटीनला गेलो.

झाडाखालच्या शिक्षणाचा विषय निघाला की शांतिनिकेतनचं नाव घ्यावंच लागतं. रवींद्रनाथांनी 1901 साली पाच मुलांवर शाळा काढली, भिंती नकोत म्हणून वर्ग आंब्याखाली. 1921 साली त्याचं विश्वभारती झालं. पदवीदानात स्नातकाला सातविणीचं पान देतात. आपल्याकडं सातवीण म्हटलं की पोरं सातवीतली कुठली वीण म्हणून विचारतील, पण ते असू दे. 2023 साली युनेस्कोनं शांतिनिकेतन जागतिक वारशात घेतलं. त्याच्या तीन वर्षं आधी, 2020 च्या ऑगस्टमध्ये, त्याच विद्यापीठानं पौष मेळ्याच्या मैदानाला भिंत घालायला घेतली होती. जमावानं येऊन काम उधळून लावलं. भिंती नकोत म्हणून जन्मलेल्या संस्थेलाही शंभर वर्षांत एक बांधकाम विभाग फुटतोच.

हैदराबादला तर उलटीच तऱ्हा. तिथल्या केंद्रीय विद्यापीठालगत कांचा गच्चीबावलीची चारशे एकर झाडी. 2025 च्या मार्चअखेरीस, सुट्ट्या गाठून, सरकारनं तिथं बुलडोझर घातले. जागा आयटी पार्कसाठी हवी होती. मुलं वसतिगृहातून धावत निघाली आणि यंत्रांपुढं उभी राहिली. 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं काम थांबवलं. खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. तोवर शंभरेक एकर साफ झाली होती. तिथं मुलांना निसर्गाकडं न्यायला परिपत्रक लागलं नाही. निसर्गापासून हटवायला पोलीस लागले.

यातल्या किती जणांनी 'उत्कृष्ट' हा पर्याय निवडला, याची नोंद नाही.

आता जरा गंभीर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा आकडा आहे : देशभरात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला. या ओळीवर विनोद करायला माझी जीभ वळत नाही, म्हणून पुढं जातो. विद्यापीठ अनुदान आयोगानंही विद्यार्थ्यांच्या शारीरिक-मानसिक स्वास्थ्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेनं निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा.

आमच्याकडं समुपदेशन कक्ष आहे. त्याला पाटी आहे, पडदा आहे, 'मन मोकळं करा' असं लिहिलेलं पोस्टर आहे आणि कुलूप आहे. किल्ली जिमखान्याच्या सरांकडं असते, कारण कॅरमचे बोर्ड तिथंच ठेवलेत. समुपदेशकाचा अतिरिक्त कार्यभार मानसशास्त्राच्या मॅडमकडं. त्यांच्याकडं परीक्षा विभागाचाही अतिरिक्त कार्यभार आहे. मूळ भार काय होता ते त्यांनाही आता आठवत नाही.

तेव्हा लक्षात आलं, परिपत्रक झाडाकडंच का वळलं. माणूस नेमायचा तर पद मंजूर करा, जाहिरात द्या, रोस्टर तपासा, मुलाखती घ्या, पगार द्या. झाडाला वेतनश्रेणी नाही. जुनी पेन्शन की नवी, हा वाद नाही. ते बदली मागत नाही, मोर्चात जात नाही आणि चोवीस तास जागेवर असतं. आमच्या संस्थेतला तो एकच पूर्णवेळ, अनुभवी आणि विनावेतन समुपदेशक.

कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याबद्दल म्हणाल तर आमच्या विभागात एक मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. नेट, सेट, पीएच.डी., सगळं झालेलं. सकाळी आमच्याकडं तीन तास, दुपारी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात दोन. मधे एसटी. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, बाकी सुट्टी, आजारपण, परीक्षा, दिवाळी ज्याची त्याची. पहिल्या बुधवारी त्या सतरंजीच्या कडेला, पर्स मांडीवर घेऊन, बसल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "सर, हा तास बिलात धरतील का?"

"नाही मॅडम. हा निसर्गाचा तास."

"मग बिलावर निसर्गाचीच सही घ्या," म्हणाल्या आणि हजेरीचा कागद पुढं सरकवून चार वीसची गाडी पकडायला पळाल्या. पळताना त्यांनी वाकून एक गळून पडलेलं गुलाबी फूल उचललं. वर्षावृक्षाची फुलं म्हणजे दाढीच्या ब्रशसारखा झुबका. ते त्यांनी पर्सच्या पट्ट्यात खोचलं. माझ्या मते त्या दिवशीचा उपक्रम तेवढा तीन सेकंद झाला.

दुसरा लाभार्थी 'कमवा आणि शिका' योजनेतला. एस.वाय.चा मुलगा, मेसचे पैसे भागावेत म्हणून दुपारी बागेला पाणी घालतो. साडेतीनला तो पाइप घेऊन झाडाशेजारच्या वाफ्यापाशी उभा होता. सतरंजीला चिखल लागेल म्हणून त्याला नळ बंद करायला लावला. त्याचे तास भरायचे होते. मग कुणी तरी तोडगा काढला : त्यानं दोन्ही मस्टरवर सही करावी. कागदोपत्री तो मुलगा साडेतीन ते सव्वाचार या वेळेत एकाच बागेत राबतही होता आणि विसावतही होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेव्हा गरीब पोरांच्या हातात कुदळी-फावडी दिली. फीला पैसे नव्हते म्हणून दिली, आणि तसं सांगून दिली. त्या मातीला कुणी उपचार म्हटलं नाही. आजही दापोलीला किंवा राहुरीला कृषी विद्यापीठाचा विद्यार्थी गुडघाभर चिखलात उभा राहून प्रात्यक्षिकाचे मार्क कमावत असतो. त्याचं मनःस्वास्थ्य कुणी मोजत नाही. तोच चिखल शहरातल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यानं शनिवारी चारशे रुपये भरून तुडवला की त्याला प्रमाणपत्र मिळतं.

बाकी सातव्या निकषात हरित परिसराचं सगळं आहे. वाहनांना मर्यादित प्रवेश, सायकली किंवा बॅटरीवरची वाहनं, पादचाऱ्यांसाठी वाटा, प्लास्टिकबंदी, झाडं-झुडपं. पाचही बाबी आमच्याकडं आहेत. वाहनांना प्रवेश मर्यादित आहे : विद्यार्थ्यांच्या गाड्या फाटकाबाहेर उन्हात, आमच्या आत सावलीत. सायकलींचा स्टँड आहे, त्यात बुलेट उभ्या असतात. प्लास्टिकबंदीचा फलक प्लास्टिकचा आहे, त्याला नाइलाज आहे, पाऊस लागतो. झाडांची गणना झालेली आहे, प्रत्येकाला नंबर आहे, शास्त्रीय नाव आहे. त्यांच्याखाली बसलेल्या माणसांसाठी रकाना नाही. असता, तर मामांची शिट्टी केव्हाच थांबली असती, किंवा तिलाही नंबर मिळाला असता.

दुसऱ्या बुधवारी कार्यक्रम थोडक्यात आटोपला. पाहुणे मिळाले नाहीत, म्हणून पहिल्या बुधवारच्या फोटोचीच तारीख बदलायचं ठरत होतं, पण ॲप बदलू देईना. तंत्रज्ञानाचा असाही जाच.

तिसऱ्या बुधवारी पाऊस आला.

साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना आभाळ भरून आलं आणि झोडपायला लागलं. सतरंज्या गोळा झाल्या. फ्लेक्सचा एक खिळा सुटला, कॅनडा अर्धा लोंबू लागला. सूचना आली की उपक्रम पहिल्या मजल्यावरच्या सेमिनार हॉलमध्ये होईल. तिथं एसी आहे, पडदा आहे, प्रोजेक्टर आहे. यूट्यूबवर 'जंगलातला पाऊस, तीन तास' असं एक चलचित्र सापडलं आणि ते लावण्यात आलं. पडद्यावर चित्र नीट दिसेना, म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. त्या खिडक्यांतून बाहेरचं झाड दिसतं. खरा पाऊस त्याच्यावर कोसळत होता, आणि आत आम्ही साठ जण अंधारात बसून स्पीकरमधला पाऊस ऐकत होतो. मधेच जाहिरात लागली, बँकेच्या कर्जाची.

यावरही प्रयोग झालेला आहे. पीटर कान आणि सहकाऱ्यांनी 2008 साली वॉशिंग्टन विद्यापीठात नव्वद जणांना तीन प्रकारे बसवलं : खऱ्या खिडकीसमोर, खिडकीतलंच दृश्य दाखवणाऱ्या मोठ्या टीव्हीसमोर आणि कोऱ्या भिंतीसमोर. थोडा ताण देऊन मग हृदयाचे ठोके किती लवकर जागेवर येतात ते मोजलं. खिडकीनं फरक पडला. टीव्ही आणि भिंत सारखेच. मी हे शेजारच्या सरांच्या कानात सांगितलं. ते झोपले होते. त्यांचे ठोके जागेवर असावेत.

मागच्या दारानं पोरं एकेक करून सटकायला लागली. मीही त्यांच्या मागं बाहेर आलो. पोर्चमध्ये वीस-पंचवीस जण उभे होते. कुणी काही बोलत नव्हतं. एका मुलीनं हात बाहेर काढून तळव्यावर पागोळी धरली होती. अध्यक्षांची गाडी सावलीच्या जागी परत आली होती. तिच्या टपावर पाणी नाचत होतं.

झाडाखाली एक मुलगा एकटा उभा होता. पाऊस आला की वर्षावृक्षाची पानं मिटतात, तिथं उभं राहून काही उपयोग नाही, पाणी सरळ अंगावर येतं. पोरगं चिंब भिजलेलं. पाटीला पाठ लावून उभं. मामांनी केबिनमधून त्याला पाहिलं. हात शिट्टीकडं गेला, मग छत्रीकडं गेला. पँट घोट्यापर्यंत दुमडून ते पाण्यातून चालत गेले. काय विचारलं ते मला पोर्चमधून ऐकू आलं नाही, पण वाकण्याची पद्धत ओळखीची होती. मुलानं मान हलवली. मग बराच वेळ दोघं एका छत्रीखाली, कुणाच्याच अंगावरचं पाणी थांबत नसताना, नुसते उभे होते.

साडेचारला सातव्या निकषाच्या मॅडमनी अहवाल माझ्याकडं सहीला आणला. उपक्रमाचे नाव : निसर्गसान्निध्यातून मनःस्वास्थ्य. स्थळ : सेमिनार हॉल. उपस्थिती : 61. निष्पत्ती : उत्कृष्ट. उपक्रमात आलेल्या अडचणी : पाऊस.

मी सही केली.